मुलुंड : मुंबईच्या वेशीवरील एक गाव

अमेरिकेतील एखाद्या लहान शहरात शिरताना रस्त्याच्या कडेला पुष्कळदा एक फलक दिसतो. त्यावर गावाचे नाव व लोकसंख्या लिहिलेली असते, कोठे कोठे तर स्थापनेचे सालही असते. तिकडे स्थायिक झालेल्या मुलांकडे चार-सहा महिने राहून आलेली आमच्याकडील वडीलधारी मंडळी ह्या फलकाचे मोठ्या कौतुकाने वर्णन करतात. दोन-तीन हजार वस्तीच्या गावालाही आपला इतिहास आहे, तो तेथल्या वाचनालयात नीट जपून ठेवला आहे, पहिला रस्ता कोणी आखला आणि पहिली शाळा कोणी काढली हे शाळकरी मुलेसुद्धा सांगतात, असे ती म्हणतात. हे कौतुक ऐकत असता आमच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. ज्या गावात ह्या मंडळींनी आपला सारा संसार केला, त्या गावाची आखणी कोणत्या साली झाली, त्याची वस्ती किती, त्याच्या सीमा कोणत्या, हे त्यांपैकी किती जणांस सांगता येईल? मुंबईच्या उपनगरांत तर हे अज्ञान विशेष आढळते. तेथील माणूस स्थानकाचे नाव जाणतो, गाड्यांच्या वेळा जाणतो. गाव मात्र जाणत नाही. ह्याकरिता आज आम्ही मुंबईच्या अगदी वेशीवरील मुलुंड ह्या गावाचा परिचय करून देण्याचे योजिले आहे.

प्रथम स्थान पाहू. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसापासून मध्य रेल्वेने सुमारे एकतीस किलोमीटर गेले की मुलुंड लागते. त्यापुढचे स्थानक ठाणे. म्हणजे मुंबई महानगरपालिकेची हद्द ह्या बाजूस येथेच संपते. दक्षिणेस नाहूर व भांडुप, उत्तरेस ठाणे, पश्चिमेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि पूर्वेस ठाण्याची खाडी, अशा चार सीमांमध्ये हे गाव बसले आहे. डोंगर आणि खाडी ह्यांमधील सपाट पट्टी फार रुंद नाही. त्या पट्टीतूनच पूर्वीचा आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादुर शास्त्री मार्ग, तसेच लोहमार्ग व पूर्व द्रुतगती महामार्ग, असे तीन मोठे मार्ग दक्षिणोत्तर धावतात. डोंगरावरील पावसाचे पाणी पश्चिमेकडून पूर्वेकडे खाडीला मिळावयास निघते आणि हे तिन्ही मार्ग त्याला आडवे येतात; म्हणून गावाच्या आरोग्याच्या दृष्टीने येथील नाल्यांचे महत्त्व रस्त्यांइतकेच आहे. डोंगर जवळ असल्याचे स्मरण रहिवाशांना अधूनमधून फार निकट रीतीने होते. २०१८च्या जानेवारीत एक बिबट्या रेल्वेच्या पूर्वेकडील नानेपाड्याच्या वस्तीत शिरला व त्याने काही माणसांना जखमी केले. महानगराच्या नळाचे पाणी पिणाऱ्या लोकांच्या दारी अरण्यातील श्वापद यावे, असे नगर जगात विरळाच.

राजकीय इतिहास म्हणाल तर मुलुंडला तो स्वतंत्र असा नाही. जो ठाण्याचा व साष्टी बेटाचा, तोच मुलुंडचा. साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचे बेट, आणि त्याच्या ईशान्य टोकाशी हे गाव. शिलाहारांच्या काळी ठाणे हे श्रीस्थानक ह्या नावाने राजधानीचे नगर होते. १५३४ साली साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. १७३७ साली मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेऊन हे बेट सोडविले. १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले व १७८२च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. ह्या सर्व उलाढाली चालू असता डोंगराच्या कुशीतील वारली, खाडीकाठचे कोळी व आगरी आपापले उद्योग करीतच होते. आगरी हे नावच मुळी आगरावरून, म्हणजे मिठागरावरून पडले असे मानतात. उधाणाचे पाणी बांध उघडून आत घ्यावे, उथळ वाफ्यांतून ते फिरवीत उन्हाने आटवावे आणि मीठ धरले की फळीने ओढून ढीग करावेत, हा त्यांचा पिढीजात धंदा. मुलुंड पूर्वेच्या मिठागर रोडने हे नाव अद्याप जपून ठेवले आहे. त्या रस्त्याने रोज येजा करणाऱ्यांस मात्र त्याचा अर्थ क्वचितच आठवत असेल.

लोहमार्गाच्या इतिहासात ह्या टापूला मानाचे स्थान आहे. १८४३ साली मुंबई सरकारचे मुख्य अभियंता क्लार्क हे शेजारच्या भांडुपास आले असता मुंबईहून ठाणे, कल्याण व पुढे घाटांपर्यंत लोखंडी रस्ता नेण्याची कल्पना त्यांना सुचली, असे सांगतात. पुढे दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदराहून सुमारे चारशे उतारूंना घेऊन चौदा डब्यांची गाडी ठाण्याकडे निघाली. त्या एकवीस मैलांच्या प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यात ती ह्याच पट्टीतून गेली. तथापि गाडी गेल्याने गाव वाढले असे लगेच झाले नाही. पाऊणशे वर्षांच्या आसपास मुलुंड हे खेडेच राहिले. ते नगर झाले ते एका आराखड्यामुळे, आणि त्या आराखड्याची हकीकत ह्या लेखाचा गाभा आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला व दाट वस्तीचे भयंकर परिणाम सर्वांच्या प्रत्ययास आले. त्यातून १८९८ साली शहरसुधारणेचा ट्रस्ट निघाला आणि हवेशीर रस्ते, मोकळी घरे ह्यांचा विचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात जागांची टंचाई इतकी वाढली की १९१८ साली भाड्यांवर कायद्याने निर्बंध घालावे लागले. शहरात जागा नाही आणि रेल्वे तर दाराशी आहे, अशा वेळी दूरदृष्टीच्या जमीनमालकाला उपनगराची कल्पना सुचणे स्वाभाविक होते. मुलुंडचे जमीनदार झवेरभाई रामजी शेठ ह्यांच्याशी झालेल्या करारानुसार क्राउन आणि कार्टर ह्या वास्तुशिल्पज्ञांनी १९२२ साली गावाचा आराखडा तयार केला. स्थानकापासून पाच रस्त्यापर्यंत एकमेकांस काटकोनात छेदणारे जे सरळ रस्ते आज दिसतात, ते ह्या आखणीचे फळ होय.

अमेरिकेतील नगरांशी मुलुंडचे साम्य आहे ते ह्या ठिकाणी. विल्यम पेन ह्याने १६८२ साली फिलाडेल्फिया नगर आखविले ते असेच, चौकटीच्या पटासारखे. आणि १७८५च्या जमीनविषयक कायद्याने तर पश्चिमेकडील अफाट प्रदेश सहा-सहा मैलांच्या चौकोनांत मोजून ठेवण्याची पद्धत घालून दिली. प्रथम दोरी धरावयाची, रस्ते आखावयाचे आणि मग येणाऱ्यांस म्हणावयाचे, या, घरे बांधा! आमच्याकडील जुनी गावे ह्याच्या उलट रीतीने वाढली. आधी देऊळ, विहीर व वाडा, त्यांभोवती आळ्या, आणि उरलेल्या जागेतून रस्ता. आळी ओळखीच्या माणसांची असते. अनोळखी माणसाला तेथे जागा मिळावयाची ती कोणाच्या तरी ओळखीने. आखीव रस्त्याचे तसे नाही. तो ज्याच्यासाठी आखला तो माणूस अद्याप आलेलाच नसतो. त्याची जात, भाषा, गाव आखणाऱ्यास ठाऊक नसते. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा अशी आमची विनंती आहे, कारण मुलुंडची पुढील शंभर वर्षांची कथा ह्यातूनच उलगडते.

ह्या रस्त्यांवर माणसे कोठकोठून आली? व्यापारानिमित्त कच्छी व गुजराती मंडळी आली, कचेऱ्यांतून नोकरी करणारी तमिळ व मल्याळी कुटुंबे आली, पंजाबी आले. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि सिंधमधील घरदार टाकून आलेल्या निर्वासितांची छावणी येथे पडली. तीच पुढे मुलुंड कॉलनी ह्या नावाने वसली. नेसत्या वस्त्रांनिशी आलेल्या ह्या लोकांनी भीक मागितली नाही. फळकुटांवर दुकाने मांडली, शाळा काढल्या, आणि दोन पिढ्यांत ते गावचे प्रतिष्ठित नागरिक झाले. गिरगाव, दादर येथील दोन खोल्यांत न मावणारी मराठी कुटुंबे रेल्वेच्या पूर्वेस येऊन राहिली. अशा रीतीने रुळांच्या एका अंगास मराठी व दुसऱ्या अंगास बव्हंशी गुजराती, कच्छी व सिंधी, अशी ढोबळ वाटणी पडली. परंतु पूल एकच, मंडई एक आणि सकाळची गाडीही एकच असल्यामुळे ही वाटणी कधी पक्की झाली नाही. १३ मार्च २००३ रोजी मुलुंड स्थानकात शिरणाऱ्या गाडीत बॉम्बस्फोट झाला. त्या सायंकाळी घरी न परतलेल्यांत कोणत्या अंगाचे किती, हा हिशेब कोणी केला नाही.

शासनाच्या दप्तरीही ह्या गावाचे स्थान बदलत गेले. १९५० साली मुंबईची हद्द भांडुपपर्यंत वाढविली गेली, तेव्हा मुलुंड तिच्याबाहेर, ठाणे जिल्ह्यातच राहिले. फेब्रुवारी १९५७ मध्ये ते दहिसर आदी गावांबरोबर बृहन्मुंबईत आले. तो काळ संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचा होता. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे चिंतामणराव देशमुख ह्यांच्या नावाचे उद्यान आज मुलुंड पूर्वेस आहे, हे ह्या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. मुंबईत येणे म्हणजे नाक्याच्या आत येणे. चेक नाक्यावर जकात द्यावी लागे. ती १ जुलै २०१७ रोजी नव्या करपद्धतीबरोबर बंद झाली. पथकर मात्र राहिला. त्याची एक चमत्कारिक शिक्षा हरी ओम नगरच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे भोगली. त्यांची वस्ती मुंबईच्या हद्दीत. परंतु नाका वस्तीच्या अलीकडे पडल्यामुळे स्वतःच्याच गावात यावयास त्यांना पैसे मोजावे लागत. पुढे त्यांना सूट मिळाली, व ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना पथकर माफ झाला.

आता लोकसंख्या. महापालिकेच्या व्यवस्थेत मुलुंडचा टी विभाग आहे. २००१च्या खानेसुमारीत ह्या विभागाची वस्ती ३,३०,१९५ व २०११च्या खानेसुमारीत ३,४१,४६३ भरली. ज्याला आपण उपनगराचा एक तुकडा म्हणतो, त्याची वस्ती त्या वेळी आइसलंड ह्या स्वतंत्र राष्ट्राहून अधिक होती. पोलादासाठी जगप्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराची वस्ती २०१०च्या गणतीत ३,०५,७०४ होती. म्हणजे तेही मुलुंडाहून लहानच ठरले! ह्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडली आहे. दहा वर्षांत वाढ झाली ती केवळ अकरा हजारांची, शेकडा साडेतीनहूनही कमी. त्याच दहा वर्षांत शेजारचे ठाणे शहर साडेबारा लाखांवरून अठरा लाखांच्या वर गेले. आधीची बैठी घरे व तीन मजली इमारती जाऊन उंच मनोरे उभे राहात होते, तरी माणसे फारशी वाढली नाहीत. ह्याचा अर्थ आम्ही असा करतो की, घरे मोठी झाली, कुटुंबे लहान झाली आणि येथेच वाढलेल्या मुलांना येथील भाव न परवडल्यामुळे ती घोडबंदर, डोंबिवली, किंवा सातासमुद्रापलीकडे गेली. २०२१ साली व्हावयाची खानेसुमारी वेळेवर झाली नाही, म्हणून २०११चे आकडेच आधारास घ्यावे लागतात.

उद्योगधंद्यांनी ह्या गावास मोठा हातभार लावला. आग्रा रोडच्या दुतर्फा कारखान्यांची रांग उभी राहिली. पुलांचे व इमारतींचे लोखंडी सांगाडे करणारी रिचर्डसन आणि क्रूडास, लहान मुलांची भुकटी करणारी जॉन्सन, औषधे करणारी हेक्स्ट अशी नावे येथे नांदली. हेक्स्टच्या मुलुंड येथील संशोधनशाळेत १९७० नंतरच्या दशकात फोर्स्कोलिन नावाचे द्रव्य वेगळे काढले गेले. पेशींचे कार्य कसे चालते ह्याच्या अभ्यासात ते जगभरच्या प्रयोगशाळांतून वापरले जाते. आमच्या भगिनींस कुतूहल वाटेल की, ते निघाले माईनमुळाच्या मुळांतून, ज्यांचे गुजराती घरांत ‘गरमर’ म्हणून लोणचे घालतात. बरणीतील मुळी आणि शास्त्रज्ञांची परीक्षानळी ह्यांची गाठ पडावी तर ती मुलुंडलाच!

मराठी मंडळींना विशेष अभिमान वाटावा असा उद्योग केळकरांचा. सुगंधी द्रव्ये करणारी एस. एच. केळकर ही पेढी १९२२ सालची, म्हणजे मुलुंडच्या आराखड्याच्याच वर्षाची. तिचा कारखाना पुढे मुलुंडला आला. केळकर विश्वस्तसंस्थेने १९८४ साली पूर्वेस वझे महाविद्यालय काढले व तेथे सुगंधशास्त्राच्या शिक्षणाचीही सोय केली. त्यापूर्वी १९७० साली पार्ल्याच्या टिळक विद्यालय संस्थेने येथे वाणिज्य महाविद्यालय सुरू केले होते. महाराष्ट्र सेवा संघाचे ग्रंथालय वाचकांची भूक भागविते, आणि पश्चिमेच्या कालिदास नाट्यगृहात मराठी नाटकांना दोन्ही अंगांचा प्रेक्षक येतो. २०१५च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून आणलेल्या हृदयाचे यशस्वी रोपण येथील एका रुग्णालयात झाले, हेही गावाच्या लौकिकात भर घालणारे होय.

परंतु नाण्याची दुसरी बाजू सांगितल्यावाचून वर्णन प्रामाणिक होणार नाही. गावाच्या पश्चिमेस सुगंधाचा कारखाना असता पूर्वेस मुंबईच्या कचऱ्याचा डोंगर होता. सुमारे १९६७ पासून चोवीस हेक्टर जागेवर महापालिका येथे कचरा टाकीत आली. १ ऑक्टोबर २०१८ पासून ते थांबले, आणि सुमारे सत्तर लाख टन साठलेला कचरा उपसून जागा मोकळी करण्याचे काम हाती घेण्यात आले. पन्नास वर्षे त्या धुराजवळ जे राहिले, त्यांत संपन्न फारच थोडे होते. मनोऱ्यांतील लोकांना जी दुर्गंधी वाऱ्याच्या एखाद्या झुळकेबरोबर येई, ती कचरावेचकांच्या मुलांना जन्मतः लाभलेली होती. त्याच खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे येतात. २०१५ साली तेथे त्यांचे अभयारण्य झाले व २०२२ साली त्याला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

आता ज्या प्रश्नाने आज मुलुंडकरांची मने ढवळून निघाली आहेत त्याकडे वळू. २०२४ साली धारावीच्या पुनर्वसनाकरिता मुंबईतील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन देण्यास शासनाने संमती दिली. तीत मुलुंडची साडेअठ्ठावन्न एकर आहे. त्याआधीपासून प्रकल्पबाधितांकरिता मुलुंड पूर्वेस हजारो सदनिका बांधण्याची योजना निघाली होती. दोहोंस रहिवाशांनी कडाडून विरोध केला. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मिठागरे ही पावसाचे व उधाणाचे पाणी सामावून घेणारी जागा. ती भरली तर डोंगरावरून निघालेले पाणी कोठे जाईल, हा प्रश्न रास्त आहे. रस्ते, नळ, रुग्णालये, गाडीतील जागा ही सारी आजच अपुरी आहेत, हेही खरे. ह्या प्रश्नांची उत्तरे शासनाने आकडेवारीनिशी दिलीच पाहिजेत.

तथापि ह्या वादात एक दुसरा सूरही हळूच मिसळतो, आणि तो आम्हांस मान्य नाही. ‘कसले लोक येणार कोण जाणे’ हा तो सूर. पाणी किती पुरेल असे विचारणे वेगळे, आणि येणारा माणूस कोणत्या दर्जाचा असे विचारणे वेगळे. २०२३च्या सप्टेंबरात मुलुंड पश्चिमेच्या एका गृहसंस्थेत एका भगिनीस, ती महाराष्ट्रीय म्हणून, कचेरीसाठी जागा नाकारली गेल्याचे प्रसिद्ध झाले. गुन्हा नोंदला गेला व साऱ्या महाराष्ट्राला संताप आला. तो संताप योग्यच होता. परंतु त्याच वेळी आपण आपल्या घराकडे पाहावयास नको काय? आपल्यातील किती घरमालकांनी भाडेकरू ठेवताना आडनावाची चौकशी प्रथम केली? एकाच ज्ञातीच्या किंवा केवळ शाकाहारी लोकांच्या सहकारी गृहसंस्था काढून ‘शेजार चांगला आहे’ असे समाधान किती जणांनी मानले? ज्यांनी आपली आळी बंद केली, त्यांना दुसऱ्याचे दार बंद दिसल्यावर रागावण्याचा अधिकार थोडा कमी पडतो. मूळचे म्हणावे तर वारली, कोळी व आगरी. उरलेले आपण सारे उपरे. सिंधी छावणी पडली तेव्हाही ‘आता गाव बिघडणार’ असे म्हणणारे असतीलच. आज त्या छावणीवाचून मुलुंडची कल्पनाच करता येत नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे. येथील शाळा, महाविद्यालये व ग्रंथालय ह्यांनी मिळून मुलुंडचा इतिहास एकत्र करावा. १९२२च्या आराखड्याची प्रत, जुन्या सात-बाऱ्यांचे उतारे, मिठागरांवर राबलेल्या माणसांच्या आठवणी, छावणीत पहिली रात्र काढलेल्यांच्या व कचराभूमीजवळ वाढलेल्यांच्या हकीकती, हे सर्व लिहून ठेवावे. ऐंशी-नव्वदीच्या घरात असलेले साक्षीदार आज आहेत. दहा वर्षांनी ते असणार नाहीत. उन्हाळ्याच्या सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या इमारतीतील एका वृद्ध गृहस्थास किंवा आजीबाईस ‘आपण येथे कधी व कोठून आलात?’ एवढे जरी विचारले, तरी वर्षभरात शेकडो उत्तरे जमतील. त्या उत्तरांचे पुस्तक झाले, तर मिठागरांच्या जागी उद्या जे कोणी राहावयास येतील त्यांच्या हातीही त्याची एक प्रत द्यावी, आणि शेवटची काही पाने त्यांच्यासाठी कोरी सोडावीत.